पोळीची मजुरी

वेळाअमावस्या कधी आहे, हे मी दिवाळीच्या आधीच पंचांगात पाहून ठेवते. मार्गशीर्षातली अमावस्या ती. कधी डिसेंबरच्या मध्यावर येते, कधी जानेवारीत सरकते. 2024 साली तर ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि परत 30 डिसेंबरला. भालकीत माझ्या घरी पोळ्या, लाडू, फराळाचं करून देण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे, आणि माझं सगळं वर्ष या एका तारखेभोवती लागतं. दिवाळीत लोक थोडंफार घरी करतात, थोडंफार दुकानातून आणतात. वेळाअमावस्येच्या पोळ्या मात्र दुकानात मिळत नाहीत. त्या कुणीतरी लाटाव्याच लागतात.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हा सण माहीत नसतो, म्हणून थोडं सांगते. लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी एवढ्या पट्ट्यातला हा सण. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची आणि रब्बीच्या उभ्या पिकात आंबील शिंपडत शेताला वळसा घालायचा. मग सगळ्यांनी तिथंच पंगतीला बसायचं. त्या दिवशी गावं ओस पडतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून आपल्या शेतात नेतंच. पानात भज्जी असते. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, पातीचा कांदा, मेथी, गाजर, जे शिवारात असेल ते सगळं एकत्र शिजवून ताकात कालवलेलं बेसन लावलेली. सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे उंडे, खपली गव्हाची खीर, ज्वारीची आंबील, तीळ लावलेल्या कडक भाकरी. आणि शेंगापोळी, तिळपोळी.

यातलं बहुतेक सगळं आदल्या रात्री आणि पहाटे करायचं असतं. आंबील तर आधीपासून आंबवत ठेवावी लागते. घरातल्या बायका त्या रात्री पाठ टेकत नाहीत. पोळ्या तेवढ्या आधी करून ठेवता येतात, कारण शेंगापोळी नीट भाजली तर पंधरा दिवस हलत नाही. म्हणून ते काम माझ्याकडे येतं. माझ्याकडून पोळ्या नेणाऱ्या बाईला त्या रात्री निदान चार तास झोप मिळते. मी काय विकते असं कुणी विचारलं तर मी हेही सांगते.

पोळीत काय पडतं ते पाहिलं की हा सण याच दिवसांत का, ते कळतं. खरिपाचा भुईमूग निघून वाळलेला असतो. तीळ झाडून घरात आलेला असतो. गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि बाजारात नवा गूळ आलेला असतो. थंडी असते, अंगाला तेल लागत असतं. नवं पीक, नवा गूळ आणि थंडी एकाच वेळी हाताशी येतात ती हीच अमावस्या. तीच पोळी मी उन्हाळ्यातही करून देते, पण ती चव येत नाही. जुन्या दाण्याला खवट वास धरलेला असतो, तो कितीही वेलदोडा घातला तरी लपत नाही.

आता पोळीचं. नव्या दाण्यात ओल असते, म्हणून त्याला आधी ऊन दाखवायचं. मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचा. घाई केली की वरून डाग पडतात आणि आत दाणा कच्चा राहतो. दाणा चोळून पाहावा, फोलपट आपसूक सुटलं पाहिजे आणि दोन पाकळ्यांच्या आतली बाजूही बदामी झालेली दिसली पाहिजे. भाजलेला दाणा पुरता गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गरम दाणा दळला की त्याचं तेल सुटतं, लगदा होतो आणि मग त्याचं सारण कधीच नीट होत नाही. गार झाला की फोलपटं पाखडून जाडसर दळायचा, चाळणीने चाळायचा. चाळणी चुकवू नये. सारणात एक जाड कण राहिला तरी लाटताना तो पारी फाडतो, आणि फाटलेल्या जागेतून गूळ तव्यावर येतो.

किलोभर दाण्याला आठशे ते नऊशे ग्रॅम गूळ. गूळ किती गोड आहे त्यावर शंभर ग्रॅम इकडे-तिकडे. चिक्कीचा गूळ इथं चालत नाही, पोळी गार झाली की सारण दगड होतं. साधा, मऊ, जरा काळपट गूळ चांगला. फार पिवळाधमक गूळ मी घेत नाही. तो रंग उसाचा नसतो, रस साफ करताना घातलेल्या पावडरींचा असतो. गूळ किसून दाण्याच्या कुटात मिसळायचा, वेलदोडा-जायफळ घालायचं आणि सगळं परत एकदा फिरवायचं, फक्त इतकंच की दाण्याचं तेल थोडं सुटावं. मूठ वळली तर गोळा राहावा आणि अंगठ्याने दाबला तर फुटावा, तिथं थांबायचं.

कणकेत थोडा बारीक रवा, चमचाभर बेसन, चिमूटभर मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन. आधी घट्ट भिजवायची, तासभर झाकून ठेवायची, मग तेलाचा हात लावून सैल करत मळायची. खरं कसब यात आहे: कणकेचा आणि सारणाचा मऊपणा सारखा हवा. सारण घट्ट आणि कणीक सैल असली तर लाटताना कणीक पुढं पळते, सारण मधे गोळा होऊन बसतं. उलट झालं तर सारण काठ फोडून बाहेर येतं. डिसेंबरच्या थंडीत सकाळी मळलेलं सारण दुपारी घट्ट झालेलं असतं, तेव्हा ते चुलीच्या उबेला ठेवावं लागतं. हे कुठल्याही मापात लिहून देता येत नाही, पण शिकवता येतं. नवीन बाई आली की मी तिला आधी लाटायला देत नाही. नुसते दोन गोळे हातात देते, एक कणकेचा, एक सारणाचा, आणि कुठला मऊ ते डोळे मिटून सांगायला लावते.

तवा मध्यम तापलेला. पोळी दाबायची नाही, सारखी उलटायची नाही. गूळ फुटून तव्यावर लागलाच तर लगेच ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर पुढच्या प्रत्येक पोळीला जळका वास येतो. उतरवलेली पोळी सुती कापडावर एकेरी पसरायची. गरम पोळ्यांची चळत लावली की त्यांना घाम सुटतो आणि त्या वातड होतात. तिळपोळीचं तंत्र हेच, पण तीळ क्षणात करपतो आणि करपला की कडू होतो. त्याला तेलही जास्त सुटतं, म्हणून सारणात थोडं भाजलेलं बेसन घालून ते तेल धरून ठेवायचं.

माझं माहेर उदगीरचं. भालकी आणि उदगीर एकाच रेल्वेमार्गावर आहेत, मधे कमलनगर. माझ्या आजीचं लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं बीदर जिल्ह्यात होती, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात गेला. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. सोयरीक तशीच राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा हातात माहेरची जाडसर, मऊ पोळी घेऊन आले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिली पोळी खाल्ली आणि म्हणाल्या, "चव चांगली हाय बाई, पण आमच्यात पापडासारखी लागते." त्यांनी मला पातळ लाटायला शिकवलं. आज मी दोन्ही करते. कलबुर्गीकडच्या गिऱ्हाइकांना पातळ आणि कुरकुरीत हवी असते, उदगीर-लातूरकडच्यांना जरा अंग असलेली. फोनवर बोलणं सुरू झालं की पोळी कुठली हवी ते मला निम्मं तिथंच कळतं.

हंगामात गल्लीतल्या बायका मदतीला येतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, एकीच्या घरी दखनी. लाटताना गप्पा तिन्ही भाषांतून चालतात, पैशांचा हिशेब मात्र सगळ्याच कन्नडमध्ये करतात, कारण शाळेत पाढे त्याच भाषेत शिकलेल्या. दखनी बोलणारी आमची मैत्रीण मोहरममध्ये चोंगे करते, गुळाच्या कणकेचे, नक्षी उठवलेले. चोंग्यांना आमच्या भागात हिंदू घरांतूनही मागणी असते. त्या महिन्यात ती करते आणि आम्ही तिच्या हाताखाली काम करतो.

या मातीत पोळी किती जुनी आहे याचा मला फार अभिमान आहे. शेजारच्या तालुक्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, 1130 च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचं सविस्तर प्रकरण आहे आणि मंडक, पोलिका, पूरिका अशी पक्वान्नं कशी करायची तेही सांगितलं आहे. मंडक म्हणजे आपले मांडे. राजाने पदार्थ लिहून ठेवले म्हणून आज ते आपल्याला कळतात. ते ज्यांनी लाटले, भाजले, तळले, त्यांची नावं कुठंच नाहीत.

वर्षातलं बाकीचं काम सणांप्रमाणे येतं. नागपंचमीला दिवसभर चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडतात आणि तंबिटाचे लाडू, ज्वारीच्या लाह्या आधीच तयार ठेवतात. माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात. तंबिटाची डाळ-तांदूळ-गहू भाजताना घरभर जो वास सुटतो तो मला सगळ्यात आवडतो. महालक्ष्म्यांना फुलोरा लागतो: करंज्या, पापड्या, वेणी, फणी, आरसा, कडबोळी, सगळं तळून दोऱ्यात ओवून मखरावर टांगायचं. दोरा ओवायचं भोक तळण्याआधीच पाडायचं आणि मोठं पाडायचं, कारण तळताना पीठ फुगून ते बुजतं. तळून झाल्यावर भोक पाडायला गेलं की वेणी मोडते, आणि मोडलेलं लक्ष्मीपुढं टांगत नाहीत. पूर्वी हे तळण करडईच्या तेलात व्हायचं. ज्वारीच्या शेतात करडईचे पट्टे असायचे, गावात घाणा असायचा. आता करडई कमी झाली, घाण्याचं तेल शोधावं लागतं आणि ते महाग पडतं. ज्याला हवं त्याला मी त्यात तळून देते.

अनारशांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत कापडावर पसरून दमट असतानाच दळायचे. गुळात मळून तो गोळा निदान पाच-सहा दिवस मुरवायचा. मग खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पीठ नीट मुरलं नसलं किंवा गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात पसरून विरघळतो. त्याला आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. 2023 साली अधिक महिना श्रावणात आला, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. बाहेर पाऊस, घरात ओल. तांदूळ सुकेनात, पिठाला आंबूस वास येऊ लागला. शेवटी पंखे लावून, दर तासाला तांदूळ हाताने परतून आम्ही ते काम पार पाडलं. त्या महिन्यात एका तेहतिसाच्या वाणामागं किती हात लागले, ते वाण घेणाऱ्या जावयाला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

मला जे मुख्य सांगायचं आहे ते हेच. गिऱ्हाईक दर विचारतं. मी सांगते. मग समोरून हिशेब सुरू होतो: दाणे एवढ्याचे, गूळ एवढ्याचा, कणीक तर काहीच नाही, मग एवढे पैसे कसले? "घरीच तर करता की अक्का," हे वाक्य तर ठरलेलं. माझ्यावर माया करणाऱ्या बायकाही असंच म्हणतात, आणि त्यांच्या मनात काही वाईट नसतं. आपल्या आईने, सासूने आयुष्यभर हे काम पैशांशिवाय केलं, म्हणून या कामाला मजुरी असते हेच डोक्यात येत नाही. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने माझ्याकडून पोळ्या मागितल्या होत्या. त्याने जो दर सांगितला त्यात दाणे, गूळ आणि गॅस एवढंच बसत होतं, आणि वर त्याला स्वतःच्या नावाचं लेबल लावायचं होतं. मी नाही म्हटलं. वाईट वाटलं, कारण मागणी मोठी होती आणि माझ्याबरोबरच्या बायकांना काम मिळालं असतं. पण त्या कामातून त्यांना देण्यासारखं काहीच उरलं नसतं.

त्यानंतर मी दर कसा काढायचा याचा एक नियम केला आणि तो सगळ्या बायकांना पाठ करायला लावला. खुरपणीला जाणाऱ्या बाईला आपल्या गावात त्या हंगामात दिवसाची जी मजुरी मिळते, ती आपली पायरी. तिच्याखाली उतरायचं नाही. शेतात ती बाई उन्हात वाकते, आपण चुलीच्या धगीत बसतो, आणि आपल्याकडे वर एक कसबही आहे. म्हणून मजुरी तेवढी किंवा थोडी जास्त, कमी नाही. दाणे पाखडणं, गूळ किसणं, भांडी घासणं, पोळ्या बांधून बसस्टँडवर पार्सल नेऊन देणं, हे सगळे तास त्यात धरायचे. बहुतेकजणी फक्त लाटण्या-भाजण्याचे तास धरतात आणि तिथंच फसतात. मालाचा खर्च, दळण, गॅस, डबा आणि हे तास. एवढं मिळून जे येईल तो दर. कागदावर लिहिलेला असला की तो सांगताना जीभ अडखळत नाही.

अन्नसुरक्षेची नोंदणीही मी करून घेतली. घरगुती, लहान कामासाठी ती नोंदणी अवघड नाही. मी घेतली तेव्हा तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये होतं. त्यामुळे पोळ्यांच्या पुडक्यावर नोंदणीचा क्रमांक, केल्याची तारीख आणि आत काय आहे ते छापता येतं. हैदराबादला, पुण्याला पोळ्या जातात तेव्हा त्या क्रमांकामुळे लोकांना विश्वास वाटतो. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की त्या चिठ्ठीवर करणाऱ्या बाईचं नाव छापता येतं. माझ्याकडच्या प्रत्येक पुडक्यावर ते असतं.

नाव मिळालं की काय होतं, ते कलबुर्गी जिल्ह्यात ज्वारीच्या भाकरीच्या बाबतीत आपण पाहिलं आहे. गटांतल्या बायका ज्या भाकरी थापत होत्या त्यांना 'कलबुर्गी रोट्टी' असं नाव मिळालं, त्या बंगळुरूपर्यंत विकल्या जाऊ लागल्या, आणि 2025 मध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्यांचा उल्लेख झाला. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं. डाळीचं झालं, भाकरीचं झालं. शेंगापोळी याच मातीतली, याच हातांची आहे, आणि भाकरीपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकणारी आहे. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, प्रत्येक गावात ती उत्तम करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांनी एकत्र येऊन एक दर ठरवला तर कुणालाही त्यांना खाली पाडून माल घेता येणार नाही. आम्ही आमच्या गल्लीपुरतं हे केलं आहे आणि ते टिकलं आहे.

माझ्या मुलीच्या वयाच्या मुली विचारतात की हे शिकून काय करायचं, नोकरी बरी. नोकरी जरूर करावी. पण हे कामही नोकरीइतकंच काम आहे, फक्त त्याचे पैसे मागायची आपल्याला सवय नाही. ज्या दिवशी माझ्याबरोबरच्या एका बाईने हंगामाच्या पैशांतून लेकीची कॉलेजची फी भरली, त्या दिवशी मला या कामाबद्दल कुणालाही काही पटवून द्यायची गरज उरली नाही.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती. वेळाअमावस्येला पोळ्या हव्या असतील तर मार्गशीर्ष लागायच्या आधी सांगून ठेवा, मग ती बाई माझ्या घरातली असो की तुमच्या गावातली. दाणे, गूळ, तूप कुठलं वापरता ते मोकळेपणाने विचारा, आवडलं नाही तर तोंडावर सांगा, आम्हाला त्याचा उपयोग होतो. दर जास्त वाटला तर पोळ्या कमी घ्या. पण डझनाचा दर ऐकून त्यातली मजुरी तेवढी कापून मागू नका.